वीतभर जागा

एकदा एका वृद्धाने भरल्या घरची पंगत बिघडवली, आणि तीही जाणूनबुजून.

दुसऱ्या कोणी हे केले असते तर गावाने अडाणीपणा म्हणून सोडून दिले असते. पण गेनूबाबांची ख्याती वेगळी होती. डोंगरउतारावरच्या त्या भातगावात लग्न असो वा बारसे, वाढप त्यांच्याकडे असे. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एकाही पानावर मीठ वाढायचे राहिले नव्हते. शिवाय त्यांच्या घरी आंबेमोहर शिजू लागला की तीन घरे पलीकडच्या माणसाला भूक लागे. अशा माणसाने पंगत बिघडवावी याला काही कारण असणारच. ते कारण शालन नावाच्या एका बाईच्या शेतात होते.

शालनचा नवरा दोन वर्षांमागे गेला. तो होता तोवर शेतात विचार त्याचा आणि हात तिचे, अशी वाटणी होती. खत कधी टाकायचे, पाणी कधी काढायचे, हे तिने कधी विचारून घेतले नाही. विचारायचा माणूस रोज समोर होता. तो गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिने आठवेल तसे भात लावले. आश्विनात लोंब्या बाहेर आल्या, वाऱ्यापावसाची एक सर आली, आणि उभे पीक चटईसारखे आडवे झाले. निम्मे दाणे चिखलातच कोंबारले.

तिचा धाकटा दीर सर्जेराव मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, "वहिनी, अजून एक साल बघा. यंदाही भात निजलं, तर पुढल्या सालापासून खाचरं वाट्यानं देऊन टाकू. लोक मला विचारतात, भावजयीला चिखलात का उभी करतोस म्हणून."

"मला चिखलाचं काही वाटत नाही, भावजी."

"चिखलाला तुमचं काही वाटतंय का, ते बघू."

ओढ्याकाठची चार खाचरे होती ती. त्यांच्या बांधांतला एकेक दगड नवऱ्याने तिच्या देखत रचला होता. त्या बांधावरून नुसते बघत जायचे, आणि सुगीला कुणीतरी निम्मे भात आणून दारात टाकायचे, ही कल्पना तिला सोसत नव्हती. पण तसे तिने कुणाला बोलून दाखवले नाही. ज्येष्ठात ती गेनूबाबांच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.

"बाबा, मला भात शिकवा."

बाबा पत्रावळी टाचत होते. मान वर न करता म्हणाले, "तुला येतं तसं आधी लाव."

"चुकलं तर?"

"चुकलं तर शिकवायला काही मिळेल. काहीच चुकलं नाही, तर तूच मला शिकव."

त्या गावात इर्जिकीची चाल होती. ज्या घरी हात कमी, त्या घरच्या शेतात सर्वांनी मिळून एक दिवस राबायचे. मजुरी नाही, दुपारचे जेवण तेवढे मालकाचे. या चालीला एक नियमही होता. मदतीला आलेल्याने दुसऱ्याच्या बांधावर उभे राहून शहाणपण सांगायचे नाही. मालक म्हणेल तसे लावायचे. नियम चांगला होता, त्याने भांडणे टळत. मात्र त्याच नियमामुळे काही घरांचे भात पिढ्यान् पिढ्या चुकीचे लागत असे, हेही खरे.

शालनच्या इर्जिकीला चोवीस माणसे आली. पावसाची रिमझिम होती, पाठीवर पानांची इरली घेतलेली माणसे चिखलावर ओणवी झाली होती. शालनने बांधावरून सांगितले, "चार चार बोटांवर लावा. आणि एकेका चुडात आठ-दहा काड्या घाला. हात आखडू नका." एका जागी रोवायच्या रोपांना तिकडे चूड म्हणतात.

झुंबरबाई नावाची म्हातारी पन्नास वर्षे लावणी करत आली होती. ती कंबर सरळ करून म्हणाली, "आठ-दहा? अगं, भात लावायचंय का गंजी रचायची?"

गेनूबाबांनी तिच्याकडे नुसते पाहिले. झुंबरबाईने जीभ चावली. "लावते बाई. मालकिणीचा शब्द."

"गेल्या साली विरळ होतं ना, मावशी," शालन समजावू लागली. "एकेकटं होतं, म्हणून पडलं. दाट असलं की एकमेकांच्या आधारानं उभं राहील. आणि उपाशी राहायला नको, म्हणून मी सकाळीच वरच्या दोन खाचरांत त्यांचा सगळा युरिया टाकून घेतलाय. गेल्या सालासारखाच, वर्षाचा एकदम. आता काळजी नाही."

हे बोलताना तिचा चेहरा इतका आशेने भरलेला होता, की नियम नसता तरी कोणी काही बोलले नसते. दुपारपर्यंत वरची दोन खाचरे लावून झाली. खालची दोन उरली. गेनूबाबा मघाशीच जेवणाची व्यवस्था बघायला तिच्या घराकडे गेले होते.

पाय धुऊन माणसे दारात आली आणि दारातच थबकली.

पडवीत बारा पाने मावत. तिथे बाबांनी चोवीस मांडली होती. एका पत्रावळीची कड दुसरीच्या कडेवर चढलेली. आणि समोरची ऐसपैस ओसरी, सकाळीच सारवलेली, रिकामी पडली होती.

"बाबा, ओसरीवर मांडायचं राहिलं की," शालन म्हणाली.

"असू दे. जवळजवळ बसलं की एकमेकांचा आधार असतो. बसा रे, बसा!"

माणसे अंग तिरके करून, खांदे चोरून कशीबशी बसली. नीट बसतात न बसतात तोच बाबा आणि त्यांचे दोन वाढपी सुटले. मीठ नाही, चटणी नाही, धीर नाही. भाताचा ढीग, त्यावर आमटी, आमटीवर गव्हाची खीर, खिरीवर ताक. जेवणातले होते नव्हते ते एका फेरीत पानावर ओतून बाबा कडेला उभे राहिले आणि हात झटकून म्हणाले, "झालं वाढून. आता काळजी नाही."

मग जे झाले ते गाव अजून सांगते.

"अगं, तुझं कोपर माझ्या खिरीत!"

"मग गोड झालं असंल. चाटू का?"

"ताकात खीर का खिरीत ताक, हे कोण सांगंल?"

"तू आधी गिळ, मग मी हात हलवते. आळीपाळीनं जेवू."

झुंबरबाईला तर घास तोंडाशी नेता येईना, तिने तो शेजारणीला भरवला आणि म्हणाली, "नवरा मेल्यापासून कुणाला घास दिला नव्हता. घे बाई, आज योग आला." हसता हसता तिचा धक्का लागला आणि तीन पाने एकदम कलंडली. पडवीला खालच्या अंगाला उतार होता. आमटी, ताक आणि खीर यांचा ओघ त्या उताराने निघाला आणि शेवटी बसलेल्या सर्जेरावाच्या मांडीखाली जाऊन थांबला.

सर्जेराव उठला. शर्टाचे टोक पिळत म्हणाला, "मला वाढायचं राहिलं होतं, बाबा. आता पोचलं."

सगळी पडवी हसली. शालन मात्र हसली नाही. तिच्या एकटीच्या हिमतीवर झालेली ही पहिली इर्जिक. ती बाबांपाशी आली, आवाज खाली ठेवून म्हणाली, "बाबा, मी तुमच्याकडे शिकायला आले होते. तुम्ही भरल्या घरात माझं हसं केलंत."

बाबांनी तिच्याकडे पाहिले. मग नव्या पत्रावळ्यांचा गठ्ठा उचलला आणि मोठ्याने म्हणाले, "उठा सगळे! ओसरीवर चला. हे झालं ते शालनच्या खाचरातलं जेवण. आता माणसांचं जेवा." आणि गठ्ठा तिच्या हातात देत म्हणाले, "मांड. दोन पानांत एक वीत जागा सोड."

तिने वीत टेकवत टेकवत पाने मांडली. आत झाकून ठेवलेली दुसरी पातेली बाहेर आली. बाबांनी स्वतः मीठ वाढले, मग चटणी, मग बेताचा भात, त्यावर आमटी. वाढता वाढता ते बोलू लागले. मोठी भाषणे करायची त्यांना सवय नव्हती.

"शालन, बांधावर मला बोलायची सोय नव्हती. पंगतीत माझा शब्द चालतो, म्हणून इथं बोललो. तुझं भात गेल्या साली एकटेपणानं पडलं नाही. तुला विरळ वाटलं, तरी कोपर हलवायला जागा नव्हती म्हणून पडलं. रोपालाही कोपरं असतात; आपण त्यांना फुटवे म्हणतो. दोन काड्या वीतभर जागेत लाव, त्यांच्या पंधरा होतात. दहा काड्या चार बोटांत कोंब, त्या दहाच राहतात. आणि बाजूला सरकता येत नाही, म्हणून सगळ्या उजेडासाठी वर पळतात. उंच होतात, बारीक होतात. दिसायला जोरात, बुडाशी पोकळ. त्यांना आधार म्हणतेस तू. त्या एकमेकींना घेऊन पडतात."

"आणि खत?" शालनने विचारले. तिचे डोळे अजून ओले होते, पण लक्ष सगळे बोलण्याकडे लागले होते.

"आज लावलेलं रोप आठ-दहा दिवस नुसतं मुळं धरत असतं. ते अजून पानावर बसलेलंसुद्धा नाही. त्याच्यापुढं वर्षाचं ओतलंस, तर खाणार कोण? पाणी घेऊन जाणार."

"कुठं?"

सर्जेराव एकदम म्हणाला, "तुमच्या खालच्या बांधाला लागून माझंच खाचर आहे की!"

"म्हणून तर गेल्या साली तुझं भात फुकट हिरवं होतं," झुंबरबाई म्हणाली. "मला वाटायचं, एवढा आळशी माणूस, याला लागतं कसं!"

हशा ओसरल्यावर बाबा म्हणाले, "वाढपी काय करतो ते बघ. थोडं वाढतो, फिरून येतो, पान बघतो. पान मोकळं दिसलं की पुढचं. रोप धरलं की थोडं दे. फुटवे येताना दे. लोंबी पोटात धरून पोटरीत यायच्या जरा आधी उरलेलं दे. आणि ज्याचं पान मुळातच गर्द हिरवं, त्याला वाढू नकोस. भुकेल्याला वाढणं सोपं असतं गं. हात आवरून पुन्हा येणं, ते अवघड." मग खिरीचे पातेले तिच्या हाती देऊन म्हणाले, "चल, दुसरी फेरी तुझी."

दुपारी खालची दोन खाचरे लावली गेली: वीत वीत अंतर, एका चुडात दोन-तीन काड्या. त्या खाचरांचे खत अजून पोत्यातच होते.

इथे कथा संपली असती तर बरे होते. पण समजणे आणि धीर धरणे यांच्यामध्ये एक अख्खा श्रावण असतो.

पंधरा दिवसांत वरची खाचरे पोपटाच्या पाठीसारखी दाटली. खालच्या खाचरांत मात्र भातापेक्षा पाणीच जास्त दिसे. सर्जेराव जाता-येता थांबे. "वहिनी, हे भात लावलंय का टाचण्या खोचल्यात?" दुसऱ्या दिवशी, "बेडकांना पोहायला चांगली सोय केलीत हं." त्यालाही मनातून काळजीच होती, पण त्याची काळजी नेहमी थट्टेच्या अंगाने बाहेर पडे.

एका सकाळी शालनने घमेल्यात युरिया घेतला आणि खालच्या खाचराकडे निघाली. खताचा पहिला वाटा देऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. बांधावर गेनूबाबा काठी टेकून उभे.

"पान मोकळं झालं का?"

"नाही, बाबा. पण गरीब दिसतं हो."

"कुणाला?"

"लोकांना."

"मग लोकांना वाढ."

ती घमेले घेऊन परत फिरली. वाटेत तिचे तिलाच हसू आले.

श्रावण सरता सरता खालच्या खाचरांनी रूप पालटले. एकेक चूड हाताच्या मुठीत मावेनासा झाला. मधले पाणी दिसेनासे झाले. शालन रोज पाने निरखून पाही, आणि बाबांनी सांगितलेल्या वेळी, सांगितले तेवढेच खत देई.

मध्ये एक लहानशी गोष्ट घडली. लावणीनंतर खेकड्यांनी काही चूड कुरतडले होते. अशा मोकळ्या जागी नवे रोप लावायचे असते; त्याला नांग्या भरणे म्हणतात. शालनने आठवड्याच्या आतच नांग्या भरल्या, पण बांधाकडेची एक नजरेतून सुटली. महिन्याने ती दिसली तेव्हा शालन रोप घेऊन धावत आली; बाबा बांधावरच होते.

बाबा म्हणाले, "आता नको. आता लावलेलं मागं राहील. मोठ्यांच्या सावलीत पिवळं पडेल."

"मग जागा रिकामीच ठेवायची?"

"ठेवायची." बाबांनी काठीने त्या जागेकडे दाखवले. त्यांच्या स्वतःच्या घरात दहा वर्षे एकच ताट मांडले जात होते. "आजूबाजूचे चार चूड थोडे तिकडं सरकतील. त्यांना जरा जास्त फुटवे येतील. जागा रिकामी राहील, पण वाया जाणार नाही."

 शालनने हातातले रोप बांधाच्या कडेला ओल्या मातीत खोचले आणि घरी गेली.

आश्विनात, लोंब्या भरत असताना, वारा आला. गेल्या सालासारखाच, दुपारभर पावसाला पाठीशी घेऊन. सगळे घरात बसून कौलांचा आवाज ऐकत होते. शालन मात्र एकाच आवाजाची वाट पाहत होती, आणि पीक पडते तेव्हा आवाज होत नाही, हे तिला गेल्या साली कळले होते.

सकाळी ती ओढ्याकडे गेली. वरची दोन्ही खाचरे निजली होती. पोपटाची पाठ चिखलाला टेकली होती. तिने पुढे बघायचे टाळले, चिखलात पाय सावरत बांध उतरली आणि मग मान वर केली.

खालची खाचरे उभी होती. लोंब्यांच्या भाराने वाकलेली, अंगावरचे पाणी अजून निथळत असलेली, पण उभी.

सर्जेराव तिच्या आधीच तिथे येऊन बसला होता. त्याने एक लोंबी तळहातावर घेऊन दाबून पाहिली. पळिंज, म्हणजे पोकळ दाणा, शोधून सापडेना. त्याने दुसरी लोंबी घेतली, मग तिसरी.

"निम्मं निजलंय, भावजी," शालनच म्हणाली. "तुम्ही म्हणाला होता, निजलं तर वाट्यानं देऊ."

"निजलेलं कुठलं?"

"वरचं. ते मी घाबरून लावलं होतं."

"आणि हे?"

"हे लावताना नाही घाबरले."

सर्जेराव उठला, पँटचा चिखल झटकला. "वाट्यानं द्यायचं कोण म्हणालं होतं?"

"तुम्हीच."

"आमटीत बसलेल्या माणसाचं काय ऐकता, वहिनी! पुढल्या सालची इर्जिक कधी, ते सांगा. मी वरच्या अंगाला बसणार आहे." आणि दोन पावले गेल्यावर मागे वळून म्हणाला, "दादाला दाखवायला पाहिजे होतं."

"हो," शालन म्हणाली.

तो गेल्यावर तिने बांधाकडेची ती नांगी शोधली. दुरून सापडली नाही. चहूबाजूंच्या लोंब्या तिच्यावर ओणव्या झाल्या होत्या. हाताने त्या बाजूला केल्या तेव्हा खाली जागा दिसली: तेवढीच, चिखलाची, मोकळी.

सुगी झाल्यावर नव्या तांदळाचे पहिले जेवण तिने इर्जिकीच्या सर्व माणसांना घातले. या वेळी बाबांना तिने वाढप करू दिले नाही, पाटावर बसवले. पाने स्वतः मांडली. दोन पानांत एक वीत. आंबेमोहराचा वास ओसरीभर, तिथून अंगणभर झाला. झुंबरबाई म्हणाली, "आज कुणाला घास भरवायची गरज नाही. माझा मीच खाते."

बाबांची नजर रांगेवरून फिरली आणि एका ठिकाणी थांबली. तिथे वीत नव्हती, एका माणसाची पुरी जागा सुटली होती.

"शालन, इथं पान राहिलंय का? कुणी यायचंय?"

मिठाची वाटी घेऊन ती रांगेच्या टोकाशी उभी होती. तिने त्या जागेकडे पाहिले.

"नाही, बाबा. शेजारचे ऐसपैस बसतील," ती म्हणाली, आणि पहिल्या पानावर मीठ वाढले.